छोटूची साक्ष

२ फेब्रुवारी, रविवार

टाळ्या वाजवल्या. त्याला टाळ्या! माझ्या नवऱ्याला मरू दिलं म्हणून सांगितलं त्यानं, आणि मंडळींनी टाळ्या वाजवल्या!

लिहिते. नाहीतर डोकं फुटेल.

उपासनेनंतरची प्रार्थनासभा. मी मागच्या छोट्या स्वयंपाकघरात सगळ्यांचा चहा गाळत होते. दार अर्धं उघडं. आतून पाळकसाहेबांचा आवाज — ‘आज आपला एक भाऊ साक्ष देणार आहे.’ मग छोटूचा आवाज. माझा धाकटा भाऊ. सहा फूट उंच, तरी छोटूच. मला वाटलं, नोकरीत बढती मिळाली असेल, आभार मानत असेल. हसू आलं मला. किटली हातात तशीच धरून ऐकायला उभी राहिले.

‘माझ्या भावोजींना मी किडनी देणार होतो. डॉक्टरांनी मला नापास केलं असं मी ताईला सांगितलं. ते खोटं होतं. मी पास झालो होतो. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मीच नाही म्हटलं. मी घाबरलो.’

आत एक खुर्ची करकरली.

‘भावोजी गेले. वर्ष झालं, मी हे छातीवर घेऊन फिरतोय. आज मी मोकळा झालो. देवानं मला माफ केलं.’

आमेन, आमेन! कुणीतरी हुंदका दिला. मग टाळ्या. मग खुर्च्या सरकल्याचे आवाज — त्याला मिठी मारायला उठले असणार सगळे.

किटली ओट्यावर ठेवली. मागच्या दारानं बाहेर पडले. घरी येईपर्यंत लक्षातच आलं नाही की कमरेला ॲप्रन तसाच आहे.

देवानं माफ केलं म्हणे. मला न विचारता!

३ फेब्रुवारी, सोमवार

मला सगळ्यात जास्त काय लागलंय ते आज कळलं.

तो दिवस. हे डायलिसिसहून येऊन खाटेवर पडले होते, चेहरा राखेसारखा. छोटू आला, दारातच खाली बसला, लहान पोरासारखा रडायला लागला. ‘ताई, डॉक्टर नाही म्हणतात. माझ्यातच खोट निघाली.’ आणि मी — मी! — स्वतःचं रडू गिळून त्याच्याजवळ जाऊन बसले. पदरानं त्याचं तोंड पुसलं. ‘तुझा काय दोष? देवाची इच्छा,’ म्हटलं. हे खाटेवरून बघत होते. ‘रडू दे त्याला,’ एवढंच म्हणाले. मग मी त्याला जेवायला वाढलं. जेवला पोटभर!

माझ्या आशेवर पाणी पडलं होतं त्या दिवशी, आणि मी धीर कुणाला देत होते? तर ज्यानं ते पाडलं त्यालाच.

आई गेली तेव्हा तो एवढासा होता. बुटाची नाडी बांधायला मी शिकवली. गोवर आला तेव्हा मी शाळा बुडवून घरी बसले. भाऊ कुठला, माझं पहिलं पोरच ते.

देव इच्छा करून बसला नव्हता. छोटूच्या पायांत कापरं भरलं, एवढंच झालं होतं.

४ फेब्रुवारी

चष्म्याच्या दुकानात कामावर गेले. एका बाईच्या चष्म्यात उजवी काच डावीकडे बसवली. ती म्हणाली, ‘अहो, मला सगळंच तिरकं दिसतंय!’ म्हटलं, बाई, मलाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

भावजयीचा फोन. ‘ताई, तो जेवत नाहीये हो.’

‘मग भरव,’ म्हटलं आणि ठेवला.

संध्याकाळी मंडळीतल्या दोघी आल्या. हातात फुलं. आजाऱ्याला बघायला यावं तशा! ‘मन मोठं कर. आपण क्षमा करणारे लोक.’ मन मोठं कर म्हणे. मन म्हणजे काय बैठकीची खोली आहे, भिंत पाडली की झाली मोठी? दुसरी म्हणाली, ‘किती धाडस लागतं गं असं सगळ्यांपुढे कबूल करायला!’ सगळ्यांपुढे धाडस लागत नाही. सगळ्यांपुढे टाळ्या मिळतात. धाडस माझ्यापुढे लागलं असतं — या खोलीत, दार लावून, एकट्या माझ्यापुढे.

फुलं मोरीत ठेवली आहेत. फेकवत नाहीत, लावावीशी वाटत नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार

गेले चर्चला. का जाऊ नये? त्याच्या आधीपासूनची माझी जागा आहे ती.

सगळे वळून बघत होते. आता ही काय करते? जाऊन गळ्यात पडते की काय? नाटकाचा दुसरा अंक बघायला आल्यासारखे.

प्रार्थना सगळ्यांबरोबर सुरू केली. लहानपणापासून पाठ, जीभ आपोआप चालते. दुसऱ्यांना क्षमा करण्याची ओळ आली आणि दात मिटले. ठरवून नाही — मिटलेच. पुढची ओळ सुरू झाली तेव्हा परत बोलायला लागले. शेजारणीच्या लक्षात आलं. येऊ दे. देवासमोर खोटं बोलायचं नाही असं मला तरी वाटतं. आमच्या घरात बाकीच्यांचं माहीत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पाळकसाहेब आले. मी तयारीतच होते. त्यांनी ‘क्षमा’ शब्द उच्चारला की काय म्हणायचं ते सकाळपासून घोकलं होतं.

तर ते बसले, आणि म्हणाले, ‘मी चुकलो.’

मी खुर्ची ओढून समोर बसले.

‘त्याला साक्ष द्यायला मीच उभं केलं. तो आठवडाभर माझ्याकडे येऊन रडत होता. मला वाटलं, मोकळा होईल. तू भिंतीपलीकडे चहा करतेयस हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आधी तुझ्याकडे पाठवायला हवं होतं. आणि टाळ्या — मीही वाजवल्या.’

‘वाजवल्यात?’

‘वाजवल्या.’

टक्कल पडलेलं डोकं खाली घालून बसले होते. एरवी व्यासपीठावरून केवढा खणखणीत आवाज! घोकलेलं सगळं विसरले. विचारलं, ‘चहा घेणार?’

चहा पिताना मात्र मी सोडलं नाही. म्हटलं, ‘समजा मी माफ केलं. म्हणजे नक्की काय करायचं? विसरायचं? झालं ते ठीक होतं म्हणायचं?’

‘ठीक नव्हतंच. ठीक असतं तर माफ कशाला करायचं?’

‘मग?’

कप खाली ठेवला. ‘व्यासपीठावर मला याचं उत्तर येतं. इथं नाही येत,’ म्हणाले. ‘एवढंच सांगतो. रोज त्याचं नाव घे प्रार्थनेत. चांगलं काही मागता येत नसेल तर नको मागूस. नुसतं नाव घे.’

ते गेल्यावर कप विसळताना लक्षात आलं — पाळकसाहेबांना माफ केलं की काय मी? कधी केलं? एवढं सोपं असतं?

नाही. परक्याचं सोपं असतं.

१३ फेब्रुवारी

‘देवा, छोटूला —’

पुढे आलं ते असं: लिफ्टमध्ये अडकव.

लिफ्ट दुरुस्त करायचंच काम आहे त्याचं. म्हणजे देवाला फार कष्ट पडणार नाहीत. हसूच आलं मला, आणि हसल्याचा राग आला.

१५ फेब्रुवारी

छोटू. बस. नाव घेतलं. वर काही नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

घेतलं. चर्चमध्ये क्षमेची ओळ नाही म्हटली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लेकीचा फोन. दूरच्या शहरात असते, तिच्यापर्यंत बातमी आज पोचली. मीच लपवून ठेवली होती. कुणीतरी मंडळीतल्यानं ‘गोड साक्ष’ म्हणून तिला सांगितली! काय माणसं आहेत!

ती रडली नाही. थंड आवाजात बोलत होती, त्यालाच जास्त भ्याले मी. ‘मामाचं तोंड मी बघणार नाही. आणि आई, तू माफबिफ केलंस ना, तर तुझ्याशीही नाही बोलणार.’

‘अगं, मी कुठं —’

‘मला माहितीये तुला. तू करशील. सगळे म्हणतील, वा वा, काय श्रद्धा! आणि बाबांचा जीव एवढा स्वस्त होईल की एका सॉरीत मिटला.’

माझ्याच मनातलं बोलत होती. राग सोडला तर ह्यांचं जाणं म्हणजे नुसतं एक दुखणं झालं, वय झालं, वेळ आली — संपलं. माझा राग आहे तोवर निदान कुणीतरी म्हणतंय की हे व्हायला नको होतं.

आज छोटूचं नाव घेतलं नाही. लेकीचं घेतलं.

१ मार्च, शनिवार

आज तो दुकानात आला.

गर्दी होती. मान वर केली तर रांगेत शेवटी उभा, हातात चष्मा, दांडी वाकडी. आपल्या बहिणीपुढे गिऱ्हाईकासारखा रांगेत! किती बारीक झालाय. दाढी वाढलेली. ‘जेवलास का?’ ओठांवर आलं माझ्या, आणि त्या ओठांचाच राग आला.

नंबर आल्यावर चष्मा पुढे केला. मी दांडी गरम केली, वाकवली. आता चष्मा चेहऱ्यावर बसवून बघावाच लागतो, कानामागे बोट घालून. घातलं. गोवर आला होता तेव्हा इथंच, याच कानामागे आधी पुरळ दिसलं होतं.

‘ताई,’ हळूच म्हणाला.

‘समोर बघा.’

‘ताई, अहोजाहो नको ना करूस.’

‘गिऱ्हाईकाशी असंच बोलतात. टोचतोय का कुठे?’

‘हो,’ म्हणाला.

‘कुठे?’

त्यानं चष्मा काढला. डोळे भरलेले. मागच्या माणसानं घसा खाकरला. मी चष्मा पुसून त्याच्या हातात दिला. ‘नेक्स्ट,’ म्हटलं.

दुपारभर बोटांना त्याचा कान लागत होता.

५ मार्च, बुधवार

ह्यांची आठवण फार आली आज. शेवटच्या महिन्यांत रोज विचारायचे, ‘छोटू नाही आला?’ आला की बुद्धिबळ मांडायचे. तो पटावरून नजर वर करायचा नाही. मला वाटायचं, ह्यांचे हाल बघवत नाहीत बिचाऱ्याला! मी आतून म्हणायची, ‘अरे, मुद्दाम हरतोस की काय?’

आता कळतं, का हरायचा ते.

एक बरं झालं, ह्यांना कधी कळलं नाही. भाबडेपणानं गेले. निदान तेवढं दुःख घेऊन नाही गेले.

९ मार्च, रविवार

आज स्वतःशीच नीट भांडले. कपडे वाळत घालता घालता.

किडनी कुणाची? त्याची. मी मागितली होती? नाही. तोच आला होता, ‘माझी घ्या’ म्हणाला होता. त्याला बायको आहे. उंचावर, लिफ्टच्या अंधाऱ्या बोळकांडीत लोंबकळून काम करायचं, अंगात बळ लागतं. मी त्याच्या जागी असते तर? माझी जुळली असती तर ह्यांच्यासाठी दिलीच असती. पण त्याच्या बायकोसाठी? ... माहीत नाही. खरंच माहीत नाही.

म्हणजे नाही म्हणायचा हक्क होता त्याला. घाबरायचा हक्क होता. येऊन म्हणाला असता, ‘ताई, मला जमत नाही’ — मी थैमान घातलं असतं, हाकलला असता, पण आज ना उद्या दार उघडलं असतं.

पण खोटं! डॉक्टरांना विचारलं तर तेही म्हणाले, काही कारणानं जमत नाही. देणाऱ्याचं गुपित ते राखतात म्हणे. ठीक. पण छोटूनं? माझ्याकडून स्वतःचे डोळे पुसून घेतले. वर्षभर माझ्या सांत्वनावर जगला. ते नाही सोडवत. तिथं गाडी अडते.

निदान कुठं अडते ते तरी कळलं. आजवर सगळाच डोंगर दिसत होता.

१६ मार्च, रविवार

गेले त्याच्या घरी. मनाची तयारी झाली नव्हती, पाय गेले.

भावजयीनं दार उघडलं, मला बघून तिच्या हातातलं फडकंच पडलं. छोटू आतल्या खोलीत जमिनीवर बसून कसलीशी मोटर उघडत होता. उठायला गेला. ‘बस,’ म्हटलं. आणि मीही समोर बसले. ‘आता सांग. व्यासपीठावर सांगितलंस तसं नको. मला सांग.’

सांगितलं त्यानं. अडखळत. तपासण्या झाल्या, सह्या झाल्या. मग एक दिवस ऑपरेशनची खोली बाहेरून दिसली. ‘ताई, मी लिफ्टच्या शाफ्टमध्ये लोंबकळतो तेव्हा दोर माझ्या हातात असतो. मी बांधलेला. तिथं टेबलावर झोपायचं, डोळे मिटायचे, आणि दोर दुसऱ्याच्या हातात. माझे पाय हलेनात. मी जिन्यावर बसून राहिलो. नंतर रोज वाटायचं, आज जाऊन हो म्हणू. रोज वाटायचं. आणि मग भावोजींची तब्येतच इतकी उतरली की डॉक्टरच म्हणाले, आता ऑपरेशन झेपणार नाही.’

मी ऐकलं. मध्ये एकदाच उठले, पाणी प्यायले.

‘घाबरलास ते माफ,’ म्हटलं. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. ‘ते मी सोडलं. खोटं बोललास ते अजून नाही जमत. जमलं की सांगेन. उगाच वाट बघत बसू नकोस.’

त्यानं तोंड उघडलं. भावजय म्हणाली, ‘अरे, सांग ना —’ त्यानं तिच्याकडे असं काही बघितलं की ती गप्प झाली. ‘बरं, ताई,’ म्हणाला.

जेवून जा म्हणाली. नाही थांबले. पण ‘येते’ म्हटलं निघताना. ‘जाते’ नाही म्हटलं.

२१ मार्च

नाव घेतलं. घशात अडकलं नाही. बस एवढंच.

२७ मार्च, गुरुवार

मंडळीतली एक दुकानात आली. जवळचा नंबर वाढलाय. काचा बघता बघता कुजबुजत म्हणते, ‘खरं सांगू? अशा माणसाला तुम्ही घरात तरी कसं घेणार! आम्ही आता त्याला कुठल्या कामात घेत नाही. विश्वासच उडाला.’

हीच! फेब्रुवारीत हीच हुंदके देत होती म्हणे. टाळ्यांत हिचेही हात असणार.

‘तो माझा भाऊ आहे,’ मी म्हटलं. ‘त्याला नावं ठेवायची तर मी ठेवीन. तुमचा काय संबंध?’

दुकानातले सगळे बघायला लागले. मालक आतून बाहेर आले. मी तिला खालच्या ओळी वाचायला लावल्या. एकही धड वाचता आली नाही. मनातून बरं वाटलं! क्षमेबिमेच्या बाबतीत माझी एवढीच प्रगती आहे.

३० मार्च, रविवार

खरंच शेवटच्या बाकावर एकटा बसला होता. दोन्हीकडची जागा मोकळी. भावजयही दिसली नाही, तापानं घरी होती म्हणे. मी माझी जागा सोडून मागे गेले आणि त्याच्या शेजारी बसले. जाताना सगळ्यांचे डोळे पाठीला टोचत होते. टोचू देत.

तो हलला नाही. श्वाससुद्धा जपून घेत होता, मी उडून जाईन असा.

बाहेर पायऱ्यांवर म्हटलं, ‘खोट्याचंही सोडलं. आजपुरतं. उद्या उठल्यावर परत सोडावं लागेल बहुतेक, परवा परत. पण आज सोडलं.’

वाटलं होतं, चेहरा उजळेल. तर उलटंच. काळवंडला. दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि मान हलवत राहिला — नाही, नाही, अशी. ‘अरे, माफ करतेय ना!’ मी चिडलेच. ‘यातही तुझा नन्नाच?’

‘ती माफी मला नको देऊस,’ म्हणाला. ‘तेवढी नको.’

कळलं नाही मला. विचारलं, तर बस पकडायला पळाला.

२ एप्रिल, बुधवार

लेकीला सांगितलं. लपवाछपवी आता या घरात नको. ती म्हणाली, ‘मला वाटलंच होतं,’ आणि फोन ठेवला. परत केला, उचलत नाही.

माफीची किंमत अशी. एकाला जवळ घ्यावं तर दुसरं दुरावतं. उपदेशात हे कुणी सांगत नाही.

मी तिला घाई करणार नाही. तिचा राग तिचा आहे.

५ एप्रिल, शनिवार

दुपारी भावजय आली. एकटी. त्याला न सांगता. चपलासुद्धा न काढता दारातच म्हणाली, ‘ताई, तो मेला तरी सांगणार नाही. शब्द दिलाय त्यानं. मी नाही दिलेला.’

छोटूनं ‘नाही’ सगळ्यात आधी ह्यांनाच सांगितलं होतं. डायलिसिसच्या खाटेशी बसून. ह्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला म्हणे. डॉक्टरांचं कारण ह्यांनीच सुचवलं. काय बोलायचं तेही ह्यांनीच शिकवलं. ‘तिला खरं कळलं तर ती तुला तोडेल. मी नसेन तेव्हा तिला भाऊ लागेल. मी जिवंत असेतो तरी बोलू नकोस, आणि नंतर सांगावंसंच वाटलं तर सगळं स्वतःवर घे. माझं नाव नको.’

म्हणजे मी जमिनीवर बसून त्याचे डोळे पुसत होते, तेव्हा हे खाटेवरून बघत होते — सगळं माहीत असताना. शेवटपर्यंत माझ्याशेजारी झोपले, आणि एक शब्द नाही! माझं मी ठरवलं असतं ना! मला विचारायचं होतं ना एकदा तरी!

६ एप्रिल, रविवार

चर्चला गेले नाही. सकाळपासून ह्यांच्यावर ओरडतेय. रिकाम्या घरात, मोठ्यानं. उलट बोलायला माणूस नाही.

शेवटी छोटूला फोन केला. ‘ये,’ म्हटलं. ‘मला तुझ्या भावोजींबद्दल खूप वाईट बोलायचंय. ऐकायला दुसरं कुणी नाही.’

‘आलोच,’ म्हणाला.